‘आपापला मेंदू’ गटातली माझी कामगिरी

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री.

आजपासून न्यूरोडायव्हर्सिटीचा, म्हणजे मेंदूंच्या वेगवेगळेपणाचा, अभ्यास. महिन्याभरात विषय हातात आला पाहिजे. रिव्हर्स पार्किंग मी लोकांना आठवड्यात शिकवतो, तर हा विषय काय मोठा?

कारण नोंदवून ठेवतो. गेल्या महिन्यात लेकीनं स्वतःहून तज्ज्ञ बाईंकडे जाऊन तपासून घेतलं. ती ऑटिस्टिक आहे असं निघालं. लेक चोवीस वर्षांची. घरी आली, सांगितलं, आणि म्हणाली की आता खूप हलकं वाटतंय. मला मात्र जड वाटलं. बायकोला विचारलं की इतकी वर्षं आपल्याला कसं कळलं नाही. ती म्हणाली, आपल्याला म्हणजे कोणाला?

म्हणून अभ्यास. बायकोनंच एक ऑनलाइन अभ्यासगट सांगितला. नाव ‘आपापला मेंदू’. दर रविवारी दुपारी चार वाजता.

जेवताना लेक त्या गटाबद्दल काहीतरी बोलत होती. नेमका त्याच वेळी ड्रायव्हिंग स्कूलच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला, त्याची गाडी त्याच्याच फाटकात अडकली होती. मी फोनवर त्याला स्टिअरिंग कुठे वळवायचं ते सांगत होतो आणि लेकीकडे बघून मान हलवत होतो. दोन्ही कामं एकदम. ती बरं म्हणून उठली.

निर्धार: घरातल्यांचं म्हणणं लक्ष देऊन ऐकायचं.


९ फेब्रुवारी, रविवार.

पहिली बैठक. छाप पडली.

गटाची पद्धत विचित्र आहे. खरी नावं सांगायची नाहीत, टोपणनाव घ्यायचं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. बोलायचं नसेल तर चॅटमध्ये लिहायचं. गट चालवणाऱ्या ताई वाचा-उपचार करतात. त्यांच्याखेरीज एक ‘कासव’ आहे, ते कॉम्प्युटरचं काम करतं आणि फक्त टाइप करतं. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आणि ‘खिडकी’ नावाची कोणी मुलगी, कॅमेरा बंद, आवाज बंद. मी टोपणनाव घेतलं ‘मार्गदर्शक’.

सगळ्यांनी एकेका वाक्यात ओळख करून दिली. मी जरा सविस्तर दिली. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल, विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकवण्याची हातोटी, माझ्या बाजूचा तो जादा ब्रेक, माणूस ओळखण्याची नजर. बोलून झाल्यावर कोणीच काही बोललं नाही. असा परिणाम मी क्वचित पाहिलाय.

मग ताईंनी सांगितलं की प्रत्येक मेंदूची चाल वेगळी, वेगळं म्हणजे बिघडलेलं नव्हे. हे मला पटलं. गाड्यांचंही तसंच असतं.

शेवटी ‘शांत तास’ होता. अचानक सगळे गप्प. मला वाटलं नेट गेलं. हॅलो हॅलो केलं, आवाज येतोय का विचारलं, खाली जाऊन राउटर बंद करून चालू केला. परत आलो तरी शांतता. मग कासवानं चॅटमध्ये लिहिलं: ‘मार्गदर्शक, माइक बंद करा. आपण आपापलं काम करतोय.’ म्हणजे लोक एकत्र जमून काहीच बोलत नाहीत, आणि म्हणे त्यामुळे अडलेली कामं सुरू होतात. नुसतं कोणीतरी सोबत आहे एवढंच पुरतं म्हणे. सुधारणेला वाव आहे.


११ फेब्रुवारी, मंगळवार.

शिकलेलं वापरायला घेतलं.

लेक जुनी कापडं दुरुस्त करते. विरलेल्या शाली, फाटलेले पडदे, कोणाच्या आजीचा लग्नातला झगा. तिचा टाका मलाही दिसत नाही, आणि माझी नजर कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयाला अशा कामासाठी माणूस हवा आहे. लेकीला त्यांनी दुसऱ्या फेरीत घेतलंय. तिनं दुरुस्त केलेल्या कापडांचे फोटो आणि प्रत्येकाबद्दल काय, का आणि कसं केलं याचं लिखाण पाठवायचं आहे. शेवटची तारीख २० मार्च. फोटो तयार. लिखाण शून्य. ती म्हणते सगळं डोक्यात आहे, पण सुरुवातच होत नाही.

यात काय अवघड आहे? दार वाजवलं, आत गेलो, तिच्या मागे उभा राहिलो आणि सांगितलं की कर सुरुवात. पहिलं वाक्य लिही. लिहिलंस? आता दुसरं. तिनं लॅपटॉप मिटला.

बायको म्हणते की मी मागे उभा राहून उजव्या पायानं फरशी दाबत होतो. शक्य नाही.


१६ फेब्रुवारी, रविवार.

आजचा विषय: स्पर्श, आवाज, उजेड. काही लोकांना साधे आवाजही टोचतात, काहींना काही स्पर्श अजिबात सोसत नाहीत.

ऐकता ऐकता अंगावर काटा आला. हे तर माझंच वर्णन! भांडी घासायच्या साबणाचा तो बुळबुळीत स्पर्श मला लहानपणापासून सहन होत नाही. आळस आळस म्हणून आयुष्यभर हिणवला गेलो. रात्री बायकोला शांतपणे समजावलं. तिनं तितक्याच शांतपणे रबरी हातमोजे आणून दिले. ताईंनी सांगितलं होतं म्हणे, त्रास खरा असेल तर त्यावर सोय काढायची. ताईंच्या बोलण्यातला नेमका तेवढाच भाग तिनं लक्षात ठेवला.

खिडकीनं चॅटमध्ये लिहिलं: ‘आमच्याकडे नाश्त्याला रेडिओ लागतो. तो बंद असला तर माझा पूर्ण दिवस बरा जातो. दोनदा सांगून झालं.’

बिचारी. काय तरी घर असेल एकेकाचं. (रेडिओ आमच्याकडेही लागतो, पण मी चांगलं स्टेशन लावतो.) मी लगेच माइक चालू करून तिला धीर दिला. म्हटलं, तुझ्या वडिलांना माझ्याशी बोलायला सांग, दोन शब्दांत समजावतो. खिडकीनं हसरा चेहरा पाठवला. मग बऱ्याच वेळानं आणखी एक.

जुळतंय आमचं.


१८ फेब्रुवारी, मंगळवार.

इंटरनेटवर एक प्रश्नावली सापडली. ती मनातल्या मनात सोडवून मेहुण्याचं निदान केलं. तीन विद्यार्थ्यांचं केलं. समोरच्या सलूनवाल्याचंही केलं. एकाही माणसाला अजून सांगितलेलं नाही, फक्त मेहुण्याला सांगितलं. तो फोन उचलत नाहीये. तेही लक्षणात बसतं.


२३ फेब्रुवारी, रविवार.

विषय: काम सुरू करता न येणं. इच्छा असते, ज्ञान असतं, वेळ असतो, तरी मेंदू पहिला गिअर टाकत नाही. हा आळस नव्हे, असं ताईंनी तीन वेळा सांगितलं.

माळ्यावरची खोली आठ वर्षं का आवरली गेली नाही, याचा उलगडा झाला. घरी जाहीर केलं. बायकोनं माळ्यावरून एकच खोका उतरवून माझ्यापुढे ठेवला. काम लहान तुकड्यांत करायचं म्हणे. ही बाई अभ्यासाचा भलताच उपयोग करते.

त्या खोक्यात नुसत्या गुंतलेल्या वायरी आहेत. कोपऱ्यात सरकवला.

गटात आज मी घरचं उदाहरण दिलं, नाव न घेता. म्हटलं, माझी मुलगी अशी अशी, हुशार आहे, पण मागे लागल्याशिवाय हलत नाही. खिडकीनं लिहिलं: ‘मागे लागल्यावर हलते का?’ मी म्हटलं, अजून नाही, पण मी लागून राहिलोय. तिनं लिहिलं: ‘तिला काय हवंय ते विचारलंत?’ मी म्हटलं, बेटा, बापाला विचारावं लागत नाही.

पोरगी चौकस आहे. आमच्या लेकीनं हिच्याशी मैत्री करावी.


२ मार्च, रविवार.

लेकीसाठी तक्ता केला. सहा रंग. उठणं, आवरणं, लिहिणं, मोकळा वेळ, पुन्हा लिहिणं, माझ्याकडून तपासणी. तिच्या दाराला बाहेरून लावला, म्हणजे जाता-येता नजर पडेल.

दुपारी तक्ता टीपॉयवर होता. घडी अगदी व्यवस्थित घातलेली, चिकटपट्टीसुद्धा न फाडता काढलेली. कापडाचं काम करणाऱ्या हाताची गोष्टच वेगळी.

हल्ली ती नाश्ता खोलीत नेऊन करते. वेळ वाचवायला लागली आहे. म्हणजे तक्ता लागू पडला.


५ मार्च, बुधवार.

लागू पडलेला नाही.

बायको म्हणाली की लेकीनं अजून एक ओळ लिहिलेली नाही. रोज बसते, मन तयार करते, सुरू होणार एवढ्यात मी दार वाजवतो. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि असंही म्हणाली की या वेळी पाठवणं झालं नाही तर ती पुन्हा कुठेच अर्ज करणार नाही असं म्हणतेय. घरीच लोकांच्या पँटी आखूड करून देईन म्हणाली.

त्या झग्याची बाही मी पाहिली आहे. नवी वाटते. पँटी आखूड करायला कोणीही आहे.

मी म्हटलं, मी फक्त चौकशीला जातो. बायको म्हणाली, दिवसातून नऊ वेळा.

नऊ नाही. सहा-सात.

निर्धार: दार वाजवायचं नाही. खाकरायचं.


९ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.

आज गटात माझं सादरीकरण. ‘एका वडिलांची झुंज’. अडतीस स्लाइड. लेकीचे लहानपणापासूनचे प्रसंग घेतले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात कानांवर हात ठेवून स्टेजखाली लपली तो. मावशीच्या मिठीतून निसटून कपाटात जाऊन बसली तो. पाहुण्यांसमोर मी तिला कशी पुढे ढकलायचो, ते.

मध्येच तांत्रिक अडचण. खिडकीचा माइक चुकून चालू राहिला होता आणि त्यातून माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. एवढ्यात आमच्या दाराची बेल वाजली. तीच बेल खिडकीकडेही वाजली. एकाच कंपनीची असणार. बायको दार उघडून कुरिअरवाल्याशी बोलत असल्याचंही तिकडून ऐकू आलं. नेटवर्कचं काही खरं नाही.

एकविसाव्या स्लाइडला खिडकीनं लिहिलं: ‘बाबा, पुरे.’

आणि बैठक सोडून गेली.

गटातल्या मुलीनं मला बाबा म्हणावं! पाच बैठकांत एवढी आपुलकी. ताईंनी सादरीकरण तिथेच थांबवू या म्हटलं. वातावरण भावुक झालं होतं.


त्याच दिवशी, ७ वाजता.

बायकोनं सांगितलं.

मी म्हटलं, कसं शक्य आहे, मला कोणी सांगितलं नाही. बायको म्हणाली, पहिल्याच दिवशी जेवताना तिनं स्वतः सांगितलं होतं. म्हणाली होती की बाबा, त्या गटात मी खिडकी या नावानं असते, तुम्ही आलात तर मला आवडेल, फक्त तिथे माझ्याबद्दल बोलू नका. आणि तुम्ही मान हलवलीत.

गाडी फाटकात अडकली होती.

पुढे काही लिहवत नाही.


१० मार्च, सोमवार.

नाश्त्याला रेडिओ लावला नाही. याचा गवगवा करायचा नाही असं ठरवलं. बायकोला फक्त तीनदा सांगितलं.

लेक खोलीतून बाहेर आलीच नाही, त्यामुळे रेडिओ लागलेला नाही हे तिला कळलं का, कोण जाणे.

आज एका विद्यार्थिनीला चौकात डावीकडे वळायचं होतं आणि मी तिच्याआधी ब्रेक दाबला. ती म्हणाली, सर, मी दाबतच होते. मुली हल्ली फार बोलतात.


१२ मार्च, बुधवार.

माफी मागायचं ठरवलं. चार पानांचं निवेदन तयार केलं. माझी बाजू, माझी पार्श्वभूमी, त्या काळचे संस्कार, परिशिष्ट. बायकोनं वाचलं आणि म्हणाली की यात माफी तिसऱ्या पानावर आहे. मुलीला समोरासमोर अवघड जातं, तिला एक ओळ मेसेज करा.

एका ओळीत माझं काय होणार? तासभर खोडाखोड केली. शेवटी पाठवलं: ‘माझं चुकलं. काय करू?’

संध्याकाळी उत्तर आलं: ‘काही करू नका. माझ्या खोलीत शेजारी बसा. बोलू नका. बघू नका.’

एवढंच? हा तर माझा धंदाच आहे. तीस वर्षं मी लोकांच्या शेजारीच बसलोय.


१३ मार्च, गुरुवार.

बसलो. खुर्ची तिच्या टेबलाच्या बाजूला, तोंड भिंतीकडे. संपूर्ण मौन पाळलं. फक्त एकदा विचारलं, उजेड पुरतो का. एकदा, पाणी हवंय का. आणि एकदा, ‘विणकाम’ची वेलांटी पहिली ना? हे शंकानिरसन झालं, बोलणं नव्हे.

तिनं दाराकडे बोट केलं. न बोलता. ती नियम काटेकोर पाळते.


१५ मार्च, शनिवार.

दुसरा प्रयत्न. या वेळी वाचायला वर्तमानपत्र नेलं. तोंड उघडलं नाही. पण तिचं म्हणणं, मी पानं उलटतो तेव्हाही तिच्या स्क्रीनकडे बघत असतो, हे तिला मान न वळवता कळतं. आणि मी म्हणे उसासे टाकतो.

तरी तीन कापडांबद्दल लिहून झालं, असं बायकोकडून समजलं. मी बाहेर पडल्यावर झालं की आधी, हे विचारलं नाही.


१६ मार्च, रविवार.

गटात गेलो. नाव बदलून ‘शिकाऊ’ केलं. कॅमेरा बंद. खिडकीही होती. तिनं काही लिहिलं नाही, पण गेलीही नाही.

शांत तासाआधी ताईंना विचारलं, चॅटमध्ये, की नुसतं शेजारी कसं बसायचं. ताईंनी लिहिलं, आपलं स्वतःचं काम न्या आणि खरंच ते करा. तुमचं लक्ष तिच्यावर असेल तर तिला ते ओझं होतं. कासवानं लिहिलं: ‘माझे वडील माझ्याजवळ बसून शब्दकोडी सोडवायचे. मी शाळेचा सगळा अभ्यास तसाच केला.’ कासवाला वडील असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विचार केला. शेजारी बसून रस्त्यावरची नजर काढून घ्यायची, हे मी आयुष्यात केलेलं नाही. काढली की शेजारचा गाडी ठोकतो असंच वाटतं. लेक ठोकणार, याची मला भीती आहे. आणि आता लिहूनच टाकतो, हे काही कोणी वाचणार नाही. न ठोकता ती नीट निघून गेली तर, याचीही आहे.


१९ मार्च, बुधवार.

उद्या शेवटची तारीख. लेक आज दिवसभर अडली. लग्नाच्या झग्यावर लिहिणं आणि स्वतःबद्दल एक पान, एवढं बाकी. नेमकं तेच अवघड. जेवली नाही. बायकोनं दाराबाहेर ताट ठेवलं. ते तसंच परत आलं.

मी एकदाही दार वाजवलं नाही. खाकरलोसुद्धा नाही. हे कोणाला दिसत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

संध्याकाळी तिचा मेसेज: ‘उद्या दुपारी बसाल?’

उद्याचे सगळे विद्यार्थी रद्द केले. उद्याचा आराखडा: १) वायरींचा खोका घेऊन जायचं, गुंता सोडवत बसायचं. २) बघायचं नाही. ३) श्वास नाकानं. ४) पूर्ण वेळ जागरूक राहायचं, म्हणजे तिनं मदत मागितली तर क्षणात हजर. ५) पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालायचं. ६) पाठवल्यावर चार शब्द बोलायचे. तयार केले आहेत. चारपेक्षा थोडे जास्त आहेत.


२० मार्च, गुरुवार.

दुपारी जेवून बसलो. खोका मांडीवर. लेकीनं पडदा ओढून घेतला होता, खोलीत छान अंधुक उजेड होता, पंख्याचा एकसारखा आवाज. एक वायर सोडवली. दुसरी घेतली.

डोळे उघडले तेव्हा समोर बायको चहा घेऊन उभी होती आणि लेक माझ्या मांडीवरून घसरलेल्या वायरी गोळा करत होती. मी ताबडतोब म्हटलं की मी जागाच आहे, कुठपर्यंत आलं? लेक म्हणाली, पाठवलं.

केव्हा? मघाशीच. सगळं? सगळं. स्वतःबद्दलचं पान? तेही. मी म्हटलं, मला उठवायचं ना, एकदा नजरेखालून घातलं असतं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

लेक म्हणाली की मी घोरायला लागलो तेव्हा आधी तिला वैताग आला, पण माझं घोरणं एका लयीत असतं. मग बरं वाटायला लागलं. कोणीतरी आहे, आणि बघत नाहीये. ओळीवर ओळ सुचत गेली म्हणाली. मी तिला कधीच एवढी मदत केली नव्हती, असंही म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. ती टोमणे मारत नाही, तिला ते जमत नाही.

तयार केलेले चार शब्द आठवेनात. मी चहा प्यायलो.

गटाच्या चॅटमध्ये खिडकीनं लिहिलं: ‘बाबा शेजारी बसले. झोपले. काम पूर्ण झालं.’ सगळ्यांनी अंगठे पाठवले. भूगोलाच्या बाईंनी फुलं पाठवली. एवढं कौतुक अडतीस स्लाइडना झालं नव्हतं. कासवानं विचारलंय की शिकाऊ आठवड्यातून एकदा आपल्यासाठीही ऑनलाइन झोपतील का.

तिला घेतलं तर जूनपासून ती तिकडे. घेणारच. त्या झग्याची बाही ज्यानं पाहिली तो घेणारच. मला आनंद झालाय. आनंदच झालाय. फक्त ती खोली फार लांब वाटायला लागली आहे, आणि आहे तर स्वयंपाकघराच्या पलीकडेच.

झोपायला जाताना लेक दारात थांबली. पुढच्या फेरीत मुलाखत असेल, उद्यापासून तयारीला बसायचंय, दुपारी याल का झोपायला, असं विचारलं. मी म्हटलं, माझी बरीच कामं असतात, डायरी बघून सांगतो.

बघितली. उद्या काहीही नाही.